ओटीतल्या अळ्या

कार्तिक लागला की मला राग येतो. लोकांना या दिवसांत उटणं आठवतं, फराळ आठवतो, माहेर आठवतं. मला राग येतो. आमच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जायला लागतात. पूर्वी बैलांच्या होत्या, आता ट्रक असतात. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांना, गटाराच्या कडेला पांढरे पुंजके अडकून बसतात. कापसातली सरकी काढतात त्या जिनाकडून वारा आला की घरात बसल्या जागी सरकीचा तेलकट वास येतो आणि त्या वासाबरोबर माझं डोकं तापतं. घरातले म्हणतात, आजीला थंडी सोसत नाही म्हणून चिडचिड करते. म्हणू दे. गुडघे गेले, दात गेले, नजरही अर्धी गेली. हा राग तेवढा शाबूत आहे.

यंदा तो लवकर आला, त्याला कारण माझी नात मंजू. ती अमरावतीला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. सुटीला आली ती कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत घेऊन. आल्या आल्या तिने ती ओसरीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर माझे चार डबे ठेवले. कागदावर काळ्या शाईने बायका काढलेल्या होत्या, नुसत्या रेघांच्या. रंग नाही, सावली नाही. रेघ बरी होती. मग ती मला म्हणाली, आजी, एखादं फाटकं लुगडं दे, सुतळी दे, थोडा कापूस दे. कशाला विचारलं तर म्हणाली, चिकटवायचं आहे. रेघ आणि वस्तू एकत्र. त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, आणि त्यांच्या वर्गात हे अजून कुणी केलेलं नाही.

मी तिला लुगडं दिलं, सुतळी दिली. शेजारच्या घरी वेचणीचा कापूस येऊन पडला होता, त्यातला ओंजळभर मागून आणला. देताना म्हटलं, "आधी दोन दिवस कडक उन्हात घाल."

"काहून?" ती म्हणाली. घरात ती माझ्याशी माझ्याच बोलीत बोलते, बाहेर वेगळं बोलते.

"घाल म्हटलं नं."

तिने घातला नाही. तिची पिढी कारण सांगितल्याशिवाय काही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण सांगायला बसले असते तर मात्र सगळंच सांगावं लागलं असतं. पुढे तिलाही ते सांगितलंच, आता इथे सांगते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपूरला बसायचे, आणि काही मोठं शिकायचं किंवा मागायचं असलं की वाट नागपूरची. आमचा मळा अकोल्याला, मोर्णेच्या काठी. शेवंती, झेंडू, मोगरा, कडेने वांगी आणि मेथी. आम्ही माळी. चौथी झाल्यावर मला शाळेतून काढलं आणि माझ्या हातात सुई-दोरा दिला. भरतकामाचा नव्हे, हार ओवायचा. पहाटे फुलं तोडायची, ऊन चढायच्या आत हार करून बाबांच्या टोपलीत घालायचे. हार ओवण्याची एक रीत असते. दोरा घेतला की हार पुरा होईस्तोवर तो तोडायचा नाही, मध्ये गाठ मारायची नाही. फूल चुकलं तरी उलटं जायचं नाही, पुढचं फूल असं घालायचं की चूक झाकून जाईल. माझा हात तसा घडला. पुढे मी रेघही तशीच काढायला लागले. डावीकडून निघायची ती कागदाच्या उजव्या टोकाला जाऊनच थांबायची.

माझी आत्या अमरावतीला बायकांच्या एका उद्योगशाळेत स्वयंपाकाला होती. तिथे शिवण, भरतकाम आणि चित्रकला शिकवत. आत्याने शब्द टाकला आणि मला तिथे घेतलं. दिवसा शिकायचं, सकाळ-संध्याकाळ तिच्या हाताखाली भाकरी थापायच्या. त्या शाळेला दर साल नागपूरच्या एका वर्गात एक मुलगी पाठवता यायची. राहणं-खाणं तिकडचं. तिथून शिकून आलेली मुलगी मुलींच्या शाळेत चित्रकलेची मास्तरीण होत असे. पौषात प्रदर्शन भरे, त्यातल्या कामावरून मुलगी निवडत, आणि माघात नागपूरचा वर्ग बसे.

ती एक जागा मला पाहिजे होती. मी कुणाला बोलले नव्हते, पण परातीत पीठ मळताना, शाळेचा उंबरा पुसताना, रात्री आत्याच्या पायाशी आडवी होताना मला तेवढंच पाहिजे होतं. बाबांनी मला पाठवतानाच सांगून ठेवलं होतं, "मास्तरीन होत अशीन तं हो. नाई तं या साली तुह्यं लग्न पाहतो." त्यात दुष्टावा नव्हता. पाऊस पडला नाही तर विहीर खणू, अशा सुरात ते बोलले होते. मला राग येतो तो त्या सुराचासुद्धा.

चित्रकलेचे मास्तर पुण्याकडचे होते. स्वच्छ धोतर, स्वच्छ टोपी, खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि एक रबर. आम्ही बोललो की त्यांचे कान दुखत. मुलगी म्हणाली, मले कागद द्या, की कागद मिळायचा नाही. आधी ‘मला’ म्हणून दाखवायचं, मग कागद. ते टेबलावर एक सुरई ठेवत आणि हात लांब करून पेन्सिलीने तिचं माप घ्यायला लावत. आधी फिकट रेघ, मग रबर, मग परत रेघ, मग परत रबर. कागदाचं पोट पातळ होईपर्यंत खोडायचं. मला खोडता येत नव्हतं. मी सुरई एका रेघेत काढायची आणि ती कुठेतरी कलायची. मास्तर म्हणायचे, ही सुरई प्यायलेली आहे. सगळ्या मुली हसत. मीही हसत असे तेव्हा.

सगळ्यांत सुंदर सुरई काढायची रजिया. तिच्या वडिलांचं अमरावतीत रंगाचं दुकान होतं. परदा लावलेल्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून ती यायची, आणि परद्याच्या आत आली की तिच्याइतकी तोंडाळ मुलगी दुसरी नव्हती. अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी बोलायची. मास्तरांची चाल करून दाखवायची. तिला चित्रकलेचं काही पडलेलं नव्हतं. घरापेक्षा इथे बरं म्हणून ती येत होती, हे ती स्वतःच सांगायची. पण तिचा हात असा होता की सुरई जशी दिसते तशी कागदावर उतरायची. मी मधल्या वेळात काढलेल्या बायकांच्या रेघा पाहून म्हणायची, "गंगे, ह्या बाया चालून राहिल्या का पळून राहिल्या?" आणि दुसऱ्या दिवशी दुकानातली काजळी पुडीत बांधून आणायची, ह्यांच्या केसांना लाव म्हणून.

त्या दिवाळीला आत्या मला तिच्या सासरच्या वावरात घेऊन गेली, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. तिथे वेचणी चालू होती. आमच्या मळ्यात कापूस नव्हता, म्हणून मी वेचणी अशी जवळून पहिल्यांदाच पाहिली. बायका अंधार सरायच्या आत वावरात उतरत, कारण दवाने बोंडांची टरफलं नरम असतात आणि बोटांना कमी ओरखडतात. प्रत्येकीने झाडांच्या ओळीची एक पात धरायची आणि वाकून पुढे सरकायचं. पदराची ओटी करून कमरेला बांधलेली, तिच्यात कापूस भरत जायचा आणि ओटी फुगत जायची. ऊन वर येईपर्यंत सगळ्या बायका पोटुशा दिसायला लागत. त्यांत दोघी-तिघी खरंच पोटुशा होत्या. कोणती भरलेली ओटी आणि कोणतं भरलेलं पोट, बांधावरून कळत नसे. वाकायचं दोघींनाही सारखंच. कापसाला पांढरं सोनं म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा त्या पातीवर वाकवणार होते. तसा कुणी हाताला लागला नाही.

मी दिवसभर वेचलं. माझ्या बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. संध्याकाळी डोळे मिटले तर ती सगळी रांग मला एकाच रेघेत दिसायला लागली. एका बाईच्या पाठीवरून निघून खाली हातावर, हातावरून बोंडावर, बोंडावरून पुढच्या बाईच्या ओटीवर. कुठेही न तुटता.

पाडव्याला तिथल्या बायकांनी अंगणात गोधन घातलं. हे आमच्याकडे घरोघर असतं. शेणाचा गोवर्धन करायचा, शेणाच्याच गौळणी, गुराखी, गाई. गौळणींना झेंडूच्या पाकळ्यांचं लुगडं, सरकीचे डोळे, ज्वारीच्या कणसाची वेणी, आणि डोक्यावर कापसाचा पुंजका म्हणजे लोण्याची मडकी. पूजा झाली की गाई-बैल त्यावरून नेऊन सगळं तुडवून टाकायचं. सकाळी केलेलं दुपारी राहत नाही. त्यात घालायचा कापूस नेहमी कवडी असतो, म्हणजे किडक्या बोंडांचा, डाग पडलेला. चांगला कापूस शेणात कोण घालणार? मी त्या अंगणात शेण हाताला लावून बसले होते आणि मला वाटलं, हेच कागदावर का करू नये. रेघ ती रेघ, आणि कापूस तो कापूस.

मंजूला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी, म्हणजे तू त्या काळात मिक्स्ड मीडिया केलंस. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला गोधन म्हणतात आणि ते शेणाचं असतं. ती खूप हसली. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही.

अमरावतीला परत आल्यावर मी कामाला लागले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या पत्र्याच्या डब्यात बंद करून आत्याच्या चुलीत पुरल्या, त्यांचा कोळसा केला. त्याची रेघ पेन्सिलीपेक्षा जाड येते, आणि हात थांबला की तिथे डाग पडतो, म्हणून थांबताच येत नाही. मला तेच पाहिजे होतं. जिनाच्या आवारातून आणलेलं बारदान धुऊन ताणलं. त्यावर चिंचोक्याच्या खळीने कागद डकवला, पण पुरा नाही. खाली पायांशी बारदान उघडं ठेवलं आणि त्यात वावरातली काळी माती डिंकात कालवून घासली. मग रेघ काढली. एका दमात. दोन बायका जरा जास्त वाकल्या, पण मी खोडलं नाही. शेवटी प्रत्येकीच्या ओटीला खरा कापूस चिकटवला, सरकीसकट, जसा बोंडातून निघतो तसा. तो आत्याच्या सासरहून पदरात बांधून आणला होता. अर्थात कवडी. मोजून घरात जाणारा कापूस मला कोण देणार होतं?

मास्तरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ही गोधडी आहे, हे चित्र नाही. भिंतीकडे तोंड करून ठेव. मी ठेवलं.

पौष लागला तशी बातमी आली की प्रदर्शनाला एका मोठ्या साहेबाची मडम येणार. शाळेचा कारभार पाहणाऱ्या वकिलीणबाई घाईघाईने वर्गात आल्या. साहेबाला कापसाचं फार वेड आहे, मडमला दाखवायला कापसाचं काही आहे का, असं विचारलं. मास्तर जरा थांबले, मग त्यांनी माझं बारदान भिंतीकडून वळवलं. वकिलीणबाई खूश झाल्या. आमच्या मुलींना मास्तरांनी काय काय शिकवलंय, म्हणाल्या. मास्तर म्हणाले, हो, हा आमच्या वर्गाचा नवा प्रयोग आहे. ते माझ्या देखत म्हणाले. दालनात मधोमध, खिडकीसमोर, जिथे दिवसभर ऊन पडे, तिथे ते टांगलं. खाली पाटी लावली, मास्तरांच्या मार्गदर्शनाखाली वर्गाचं काम. माझं नाव नव्हतं. मला ते चाललं. नागपूरला जायला मिळत असेल तर नावाचं काय करायचं आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. आत्याने त्या रात्री मला भाकरीवर तूप घातलं. रजिया म्हणाली, "तू चालली नागपूरले. मले तिथून संत्रे आन."

मडम आली त्या दिवशी पाहुण्यांचे हार मीच ओवले होते. तबक घेऊन मी मागे उभी होते. मडम एकेक सुरई पाहत पुढे सरकत होती. माझ्या बारदानापुढे ती थांबली, वाकली, आणखी वाकली. खरंच आवडलं म्हणून वाकली, हे मी शपथेवर सांगेन. मग ती तशीच थिजली आणि तिने रुमाल नाकाला लावला.

ओट्यांतून अळ्या निघत होत्या. शेंदरी, बारीक, तांदळाएवढ्या. किडक्या बोंडातल्या सरकीत ती अळी झोपलेली असते, आणि ऊब लागली की बाहेर येते. म्हणून शेतकरी सरकी उन्हात घालून मारून घेतो. गोधनात कवडी कापूस घालताना कुणी हा विचार करत नाही, कारण तो दुपारपर्यंत गाईच्या पायाखाली जातो. अळीला उठायला वेळच मिळत नाही. मी तोच कापूस, त्याच सवयीने कागदावर लावला होता, आणि कागद खिडकीच्या उन्हात दिवसचे दिवस टांगलेला. एक अळी माझ्या रेघेवरून चालली होती, पाठीवरून हातावर, हातावरून पुढच्या बाईवर. मला अजून दिसते ती. ती अगदी रेघेवरूनच चालली होती.

मडमने वकिलीणबाईंना काही विचारलं. वकिलीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "हे आमच्या वर्गाचं नाही. आमच्या स्वयंपाकिणीची भाची आहे एक, तिनं आणून लावलं."

खालची पाटी त्यांच्या धोतराच्या आड होती. ते तिच्यापुढे उभेच राहिले.

माझ्या हातात तबक होतं. दारात आत्या उभी होती, तिने ऐकलं. आणि हे लिहिताना मला जे होतं ते अळ्यांमुळे होत नाही. अळ्या खऱ्या होत्या, कापसात असतातच. त्या मी मारायला पाहिजे होत्या, मला माहीत नव्हतं, विषय संपला. ते बारदान चांगलं होतं तोवर वर्गाचं होतं. किडे निघाले तेव्हा ते स्वयंपाकिणीच्या भाचीचं झालं. मधे एक श्वाससुद्धा गेला नाही. माणूस इतक्या चटकन बदलू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि नंतर पुष्कळदा पाहिलं, बाजारात, भाऊबंदकीत, निवडणुकीत. पण पहिल्यांदा पाहिलेलं विसरत नाही.

जागा रजियाला मिळाली, तिच्या सुरईसाठी. सांगितलं तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. तिने हळूच म्हटलं, मी मांगतली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आत्याची नोकरी राहावी म्हणून मला दुसऱ्याच दिवशी अकोल्याला पाठवलं. बारदानावरचा कागद शिपायाने फाडून जाळला. खालचं बारदान मात्र आत्याने उचललं आणि चुलीपुढे पाय पुसायला टाकलं. तिचं काय चुकलं? बारदान चांगलं होतं. बाबांना सगळं कळलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "कापसात अळ्याच राहते, वाघ थोडेच राहते. त्या मास्तरले म्हना, ये एक दिवस वेचाले." मला क्षणभर फार बरं वाटलं. आणि हसून झाल्यावर त्याच तोंडाने ते आईला म्हणाले, आता गंगीचं स्थळ पाहायला हरकत नाही.

मी परत हार ओवायला बसले. शेवंती संपत आली होती. पहाटे बोटं गारठून सुई धरता येत नव्हती. मळ्यावरच्या रस्त्याने गाड्यांमागून गाड्या जिनाकडे चाललेल्या, पहाटेचा भोंगा, आणि सगळ्या अकोल्यावर तो तेलकट वास. रजिया आता नागपूरला पोचली असेल, तिने खाट धरली असेल, तिच्या समोर नवीन सुरई ठेवली असेल, असं रोज मनात यायचं.

माघ सरता सरता आत्या कुणाच्या तरी लग्नाला अकोल्याला आली. बोलता बोलता म्हणाली, ती रजिया गेलीच नाही म्हणे नागपूरला. घरच्यांनी धाडलं नाही. लग्न ठरवलं तिचं, अकोटला, जिनवाल्यांच्या घरात.

मंजूने इथे मला थांबवलं आणि विचारलं, मग ती जागा तू का नाही मागितलीस? हे विचारायचा तिला हक्क आहे. मी मागितली. बाबांच्या मागे लागून मी अमरावतीला गेले. बडनेऱ्याला गाडी बदलली, शाळेच्या फाटकापाशी बाबांना थांबवलं आणि एकटी मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. रजिया गेली नाही तर मला पाठवा, म्हटलं. ‘मला’ म्हटलं, ‘मले’ नाही. मास्तर अगदी मऊ आवाजात बोलले. म्हणाले, "रजियाने ऐनवेळी कळवलं. तोवर वर्ग बसून गेला होता. वेळ असता तर मी तुझाच विचार केला असता."

तुझाच. मी त्या शब्दावर घरी आले. त्या साली नागपूरला अमरावतीहून कुणीच गेलं नाही. जागा रिकामी राहिली, आणि माझा सगळा राग मी रजियावर ठेवला. ऐनवेळी का कळवलं तिने? आधी तोंड उघडलं असतं तर? तिच्या लग्नाचा निरोप आला, मी गेले नाही. वैशाखात माझं लग्न झालं, भाजीबाजारात गाळा असलेल्या माणसाशी. माणूस वाईट नव्हता. चित्र मी पुन्हा काढलं नाही. भिंतीवर नाही, दारात नाही. कुणी रांगोळी काढ म्हटलं तर सुनेकडे बोट दाखवते. याची हळहळ कुणी करू नये. मी केली नाही. मी रागावले.

मंजू शिकायच्या वयाची झाली तशी मी तिला चित्राच्या वर्गात घाला म्हणून घरात भांडले. ते प्रेमाने केलं असं ती समजते. असेल थोडं. बाकी राग होता.

मागे एकदा पुतणीच्या घरी बारसं होतं म्हणून अकोटला गेले. परतीची एसटी लागायला अवकाश होता. स्टँडवर बाकावर एक बाई बसली होती, बुरख्याचा परदा वर टाकलेला, पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून फोडत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गंगे, तू म्हातारी होऊन गेली."

"तू काय पोट्टी राहिली?" मी म्हटलं.

तिने सरकून जागा केली. मी बसले. पन्नास वर्षांपूर्वीची माणसं भेटल्यावर डोळ्यांत पाणी येतं असं म्हणतात. मला नाही आलं. माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि तेवढी वर्षं ती तिथेच बसलेली होती. मुलंबाळं विचारून झाली. तिचे मालक गेले, माझेही गेले, तेही झालं. मग मी विचारलं, नागपूरला जायचं नव्हतं तर आधी काहून नाही सांगितलं? ऐनवेळी सांगून माझंही बुडवलं.

तिचा शेंगा फोडणारा हात थांबला. कुणी सांगितलं ऐनवेळी, असं तिने विचारलं. मास्तरांनी, मी म्हटलं.

तेव्हा तिने सांगितलं. जागा मिळाल्याचं घरी कळलं त्याच रात्री तिच्या अब्बांनी नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने भावाला शाळेत पाठवलं होतं. पौषातच, माघाला पुष्कळ अवकाश होता. भावाने मास्तरांना निरोप दिला होता, आणि त्यांनी बघतो म्हटलं होतं.

"मी त्याले शिकवून धाडलं होतं," रजिया म्हणाली. "सांग म्हनलं मास्तरले, ते जागा गंगूले द्या. नाव घेऊन सांग. त्यानं नाव घेऊन सांगतलं."

मास्तर तोवर कधीच मेले होते. ते कुठे राहत, त्यांना मुलं होती की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले होते, आणि बरोबर माणूस हाताला लागणार नव्हता. नागपूरची ती खाट त्यांनी रिकामी जाऊ दिली. रिकामी चालली, पण भाकरी थापणारीच्या घरची चालली नाही. आणि वर मला म्हणाले, तुझाच विचार केला असता.

रजियाने उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. ती मला समजावत नव्हती. तिचाही आवाज चढला होता. ती म्हणाली, तुले काय वाटते, मले जायचं नव्हतं? सुरई काढून काढून माझं डोकं फिरत होतं, पण जायचं होतं. पेटीत कपडे भरून ठेवले होते मी. अब्बांनी पेटी उघडली आणि तेच कपडे लग्नात घालायला काढले. इतके दिवस तू माझ्यावर रागावून होती, तुले राग करायला कोणी तरी होतं. मी कोणावर करू?

अकोल्याची गाडी फलाटाला लागली. लोक पिशव्या खिडकीतून आत टाकून जागा धरायला लागले. मी उठले तशी तीही उठली.

"आपल्या दोघीतून एकीनं तरी जायाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

हो, मी म्हटलं. पण ते म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही, कारण दोघींतून नेमकं कुणी जायला पाहिजे होतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.